नर्सिंगची शिडी : चुकलेली पायरी पुन्हा चढता येते

मे महिना आला, की शेतकऱ्याच्या घरात दोन काळज्या एकदमच दाराशी येतात. एक बी-खताची आणि दुसरी बारावीच्या निकालाची. पेरणीचे काय करायचे हे बापाला पक्के ठाऊक असते. कोणत्या वावरात काय घ्यायचे, पाऊस लांबला तर काय पेरायचे, हे तो झोपेतही सांगेल. पण पोरगी बारावी झाली, आता पुढे काय, हे घरात कोणालाच नीट माहीत नसते. मग पारावर जो भेटेल त्याचा सल्ला घेतला जातो, आणि पुष्कळदा त्या एका सल्ल्यावर पोरीचे सारे आयुष्य जाते.

आमच्या घरी असेच झाले होते. ती हकीकत आधी सांगतो आणि मग मुद्द्याचे बोलतो.

म्हैस गेली, वर्ष गेले

आमच्या थोरल्या भावाची मुलगी २०१४ साली बारावी झाली. शाखा कला, गुण अठ्ठावन्न टक्के. तिला लहानपणापासून उपकेंद्रातल्या नर्सबाईंचे भारी वेड. लसीकरणाच्या दिवशी बाईंच्या मागे मागे फिरायची, रजिस्टर धरून बसायची, वस्तीवरच्या लेकुरवाळ्या गोळा करून आणायची. निकाल लागला तसे तिने सांगून टाकले, "काका, मला नर्स व्हायचंय."

गावात चौकशी केली. जो तो म्हणे, "आर्ट्सवाल्यांना नर्सिंग नाही. त्याला सायन्सच लागतं." पोरगी दोन दिवस जेवली नाही. तेवढ्यात तालुक्याच्या गावी एका भिंतीवर पाटी दिसली : एका वर्षात नर्स व्हा, कोणतीही शाखा चालेल, नोकरीची हमी. दादाने दावणीच्या दोन म्हशींपैकी एक विकली आणि फी भरली.

वर्ष सरले. हातात एक गुळगुळीत कागद पडला. त्यावर सोनेरी शिक्का होता. तो घेऊन पोरगी जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात मुलाखतीला गेली. मी बरोबर होतो. तिथल्या मेट्रनबाईंनी कागद पाहिला, उलटा करून पाहिला आणि विचारले, "तुझी कौन्सिलची नोंदणी कुठं आहे?"

नोंदणी नव्हती. तो अभ्यासक्रम कौन्सिलने मानलेलाच नव्हता, म्हणजे नोंदणी पुढेही मिळणार नव्हती. म्हैस गेली होती, वर्ष गेले होते आणि कागद कुचकामी ठरला होता.

घरी वहिनींनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आता पुरे झालं शिक्षण. स्थळं बघा." दादा काही बोलला नाही. पण मेट्रनबाई मनाने भल्या होत्या. त्यांनी पोरीला समोर बसवून घेतले होते आणि सांगितले होते, "कला शाखा असली म्हणून काय झालं? जी.एन.एम.ला बारावी कुठल्याही शाखेची चालते. तुझं वय बसतंय, टक्के बसतायत, इंग्रजीचे मार्कही बसतायत. सरकारी जाहिरात निघाली की अर्ज कर. आणि हे बघ, नर्सिंग म्हणजे एक दार नाही, शिडी आहे. खालच्या पायरीवरून चढलीस तरी वरच्या मजल्यावर जाता येतं."

ते वाक्य आम्ही दादाच्या गळी उतरवले. २०१६ साली तिला जी.एन.एम.ला प्रवेश मिळाला. २०१९ साली ती पास झाली आणि नोंदणीही झाली. २०२० साली करोना आला, तेव्हा ती जिल्ह्याच्या दवाखान्यात कंत्राटी नर्स म्हणून आजाऱ्यांच्या उशाशी उभी होती. पुढे दोन वर्षे शिकून २०२४ साली ती पदवीधर झाली. कला शाखेची पोरगी विद्यापीठाची बी.एस्सी. झाली!

हे सारे आम्हाला २०१४ सालीच माहीत असते, तर म्हैस वाचली असती आणि दोन वर्षेही वाचली असती. म्हणून हा लेख. ज्या घरात बारावीची पोरगी आहे त्यांनी तर वाचावाच; पण ज्या घरात लग्न होऊन आलेली सून आहे, आशाताई आहे, उपकेंद्रात नोकरी करणारी बहीण आहे, त्यांनीही वाचावा. या शिडीवर प्रत्येकीसाठी कुठली ना कुठली पायरी आहे.

मंडळ आणि विद्यापीठ

आधी एक फरक समजून घेऊ. नर्सिंगचे शिक्षण दोन प्रकारचे आहे : पदविका आणि पदवी.

ए.एन.एम. आणि जी.एन.एम. हे पदविकेच्या बाजूचे अभ्यासक्रम. त्यांच्या परीक्षा आपल्या राज्यात महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. बी.एस्सी. नर्सिंग, पोस्ट बेसिक बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पीएच.डी. या विद्यापीठाच्या पदव्या. राज्यातली बहुतेक नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय आहे. ते १९६४ साली सुरू झाले. पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण त्या एकाच ठिकाणी मिळते.

पदविका असो की पदवी, शिक्षण पुरे झाल्यावर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. मेट्रनबाईंनी विचारलेली "कौन्सिलची नोंदणी" ती हीच. ती असेल तरच सरकारदरबारी आणि चांगल्या दवाखान्यात नर्स म्हणून मान. शेताला जसा सातबारा, तशी नर्सला नोंदणी. ती दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते.

पहिली पायरी : ए.एन.एम.

गावात ज्यांना आपण नर्सबाई म्हणतो, त्या उपकेंद्रातल्या आरोग्य सेविका म्हणजे ए.एन.एम. मैदानी भागात साधारण ५,००० वस्तीला आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र असावे असे सरकारी माप आहे. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, ताप-खोकल्याची पाहणी, कुटुंब नियोजनाचा सल्ला हे सारे त्या बघतात.

हा अभ्यासक्रम २ वर्षांचा. बारावी पास हवी, कला शाखेची मुलगीही चालते. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला किमान १७ पूर्ण आणि जास्तीत जास्त ३५. हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेच्या भरतीला हे शिक्षण आणि परिषदेची नोंदणी दोन्ही लागतात.

काही लोक याला "छोटा कोर्स" म्हणून नाक मुरडतात. पण दोन वर्षांत हाताला काम देणारा, गावाजवळ राहून करता येणारा आणि पुढचा रस्ता मोकळा ठेवणारा हा मार्ग आहे. नोंदणीकृत ए.एन.एम.ला पुढे जी.एन.एम.ला प्रवेश घेता येतो, आणि तिला तिथे पस्तिशीची अट आडवी येत नाही. हे फार थोड्या जणींना माहीत असते. उपकेंद्रात पाच-दहा वर्षे काढलेल्या बहिणींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरी पायरी : जी.एन.एम.

ही ३ वर्षांची पदविका. पूर्वी ती साडेतीन वर्षांची होती. बारावी कोणत्याही शाखेची चालते. विज्ञान असेल तर बरे, पण अट नाही. एकूण गुण किमान ४० टक्के हवेत, आणि इंग्रजी विषयातही स्वतंत्रपणे ४० टक्के पाहतात. इथे पुष्कळ पोरी अडकतात. बोर्डात पस्तीस मिळाले की पास, म्हणून आपण निश्चिंत असतो; पण जी.एन.एम.च्या दारात ते पस्तीस तोकडे पडतात. तेव्हा अकरावी-बारावीत असलेल्या मुलींनो, इंग्रजीला "कसंबसं पास झालं म्हणजे झालं" म्हणू नका. ज्यांना कमी पडले असतील त्यांनी बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा देऊन गुण वाढवावेत. त्यात कमीपणा नाही.

वय किमान १७, जास्तीत जास्त ३५. या अभ्यासक्रमाला मुलगेही जाऊ शकतात. आपल्याकडे नर्स म्हटले की बाईच डोळ्यांपुढे येते. पण आज मोठ्या दवाखान्यांत पुरुष परिचारक कितीतरी आहेत. शेतीला धड पाणी नाही आणि घरी दोन मुलगे आहेत, अशा बापाने याचाही विचार करावा.

जी.एन.एम. झालेली व्यक्ती पूर्ण प्रशिक्षित नर्स म्हणून ओळखली जाते. वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह, अतिदक्षता विभाग सगळीकडे ती काम करू शकते.

तिसरी पायरी : बी.एस्सी. नर्सिंग

ज्यांनी बारावी विज्ञान शाखेतून केली आहे, त्यांच्यासाठी हा सरळ रस्ता. ४ वर्षांची पदवी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या वर्गाला या विषयांत मिळून ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ४० टक्के. गणित नसले तरी चालते. गणिताच्या धास्तीने विज्ञान शाखाच सोडणाऱ्या मुलींनी हे ध्यानात घ्यावे. २०२१ पासून हा अभ्यासक्रम सत्र पद्धतीने, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या ८ सत्रांत शिकवला जातो.

प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीचे वर्ष चालू असतानाच तिचा अर्ज भरायचा असतो. निकाल लागल्यावर जागे होणाऱ्यांची गाडी तोवर सुटून गेलेली असते. जानेवारीपासूनच कॉलेजातल्या सरांना, तालुक्याच्या गावच्या सेतू केंद्रावाल्याला विचारत राहावे.

सैन्यातही वेगळी परिचर्या सेवा आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासह सैन्याच्या काही नर्सिंग महाविद्यालयांत मुलींना बी.एस्सी. करता येते. शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि पास झालेली मुलगी लेफ्टनंट म्हणून सेवेत रुजू होते. स्पर्धा कठीण आहे, पण खेड्यातल्या हुशार मुलीने बिचकू नये.

आता हिशेब करून पाहा. विज्ञानवाली मुलगी ४ वर्षांत पदवीधर होते. कलावाली मुलगी ३ वर्षे जी.एन.एम. करते आणि पुढे २ वर्षांत पदवीधर होते. म्हणजे फरक फक्त एका वर्षाचा! आणि त्या एका वर्षापायी आपण पोरींना सांगत राहतो, "तुला नर्सिंग नाही."

नोकरी करता करता पदवी

जी.एन.एम. झालेल्या नोंदणीकृत नर्सला ज्या २ वर्षांच्या पदवीला जाता येते, तिचे नाव पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. आमची पुतणी याच वाटेने गेली. महाविद्यालयात पूर्ण वेळ जाऊन हे शिक्षण घेता येते.

पण जिच्यावर घर चालते तिने नोकरी सोडून कॉलेजात कसे जायचे? अशांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाची सोय केलेली आहे. तिथे ही पदवी किमान ३ वर्षांची आहे. नोकरीत असलेल्या, बारावीनंतर जी.एन.एम. झालेल्या आणि किमान २ वर्षांचा अनुभव असलेल्या नर्सला प्रवेश परीक्षा देऊन तिथे जाता येते. पुस्तके घरी येतात, पण प्रत्यक्ष कामाचे वर्ग मात्र अभ्यास केंद्रावर जाऊन करावेच लागतात. जो कोणी "घरबसल्या, हजेरी न लावता नर्सिंगची पदवी" देतो म्हणेल, त्याला लांबूनच रामराम करावा. सलाईन लावणे पुस्तक वाचून येत नाही. बैल हाकणे जसे पाटीवर शिकता येत नाही तसेच.

पदवीने काय मिळते? बढतीला मदत होते, शिकवण्याचे दार उघडते आणि पुढच्या शिक्षणाला पात्रता येते. शिवाय २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. या केंद्रांना आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणत, २०२३ पासून त्यांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. तिथे आयुर्वेदाचे डॉक्टर जसे असतात, तसे बी.एस्सी. नर्सिंग झालेलेही त्या पदावर येऊ शकतात. आपल्याच गावात, आपल्याच माणसांत राहून अधिकारी होण्याची ही संधी आहे.

त्याच्याही वर

बी.एस्सी. झाल्यावर वाट थांबत नाही.

एक वर्षाच्या विशेष पदविका आहेत. अतिदक्षता, कर्करोग, नवजात बालकांची काळजी, शस्त्रक्रियागृह, आपत्कालीन सेवा अशा एकेका विषयात हात तयार करता येतो. मोठ्या दवाखान्यांत अशा नर्सना मागणी असते. या पदविका जी.एन.एम. झालेल्यांनाही खुल्या आहेत.

बाळंतपणाच्या कामात निष्णात व्हायचे असेल, तर परिचारिका प्रसविकेचा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. २०१८ साली केंद्र सरकारने सुईणपणाच्या सेवेची नवी रीत ठरवली, त्यातून तो आला. जुन्या काळी गावची सुईण जे काम अनुभवाने करायची, ते काम शास्त्र शिकलेल्या हातांनी व्हावे, हा त्यामागचा हेतू.

एम.एस्सी. नर्सिंग २ वर्षांची. त्यासाठी पदवीला किमान ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. अनुसूचित जाती-जमातींना टक्क्यांत ५ ची सूट. शल्य व वैद्यकीय परिचर्या, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि समुदाय आरोग्य यांपैकी एक विषय निवडायचा. एम.एस्सी. झालेल्यांना नर्सिंग महाविद्यालयात शिकवता येते. त्याच्या वर पीएच.डी. म्हणजे संशोधन. ए.एन.एम.च्या पहिल्या पायरीवरून निघालेली बाई एके दिवशी महाविद्यालयाची प्राचार्या होऊ शकते. वर्षे लागतील, पण वाट मध्येच कुठे तुटलेली नाही.

लग्न झालेल्या बहिणींसाठी दोन शब्द

"आता माझं काय, मी तर चुलीला लागले," असे म्हणणाऱ्या कितीतरी बहिणी आम्ही पाहतो. बारावी झालेली असते, मनात हौस असते, पदरात एक-दोन लेकरे असतात. लग्न झाले म्हणून ए.एन.एम., जी.एन.एम.चे दार बंद होत नाही. वयाची ३५ ची मर्यादा मात्र पक्की. तेव्हा तिशीतल्या बहिणींनी "पोरं मोठी झाली की बघू" असे म्हणून थांबू नये. पोरे मोठी होतील, पण तोवर पस्तिशी उलटलेली असेल.

आशाताईंना तर हे काम अर्धे येतच असते. गावातली प्रत्येक गरोदर बाई आणि प्रत्येक तान्हे मूल त्यांना ठाऊक असते. ज्या आशाताई बारावी पास आहेत आणि वयात बसतात, त्यांनी आपल्या आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सहायिकेला एकदा जरूर विचारावे. घरच्या मंडळींनाही सांगणे आहे : दोन वर्षे सुनेच्या हातची भाकरी थोडी उशिरा मिळाली तरी चालेल. पुढे तीच सून घराला आधार होईल.

बैलाचे दात बघता, तशी संस्था बघा

बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो. पोरीचे कॉलेज घेताना मात्र पाटीवर विसंबतो. आम्ही तसेच विसंबलो आणि फसलो. तेव्हा पैसे भरण्याआधी एवढे नक्की विचारा.

एक : या संस्थेला आणि या अभ्यासक्रमाला भारतीय परिचर्या परिषदेची व राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता या वर्षाची आहे का? मागच्या वर्षीची मान्यता चालत नाही. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला आहे. जुन्या परिषदेची जागा या आयोगाने घ्यावी अशी त्यात तरतूद आहे. नाव कोणतेही असो, मान्यता तपासायची सवय सोडू नका.

दोन : परीक्षा कोण घेते? ए.एन.एम., जी.एन.एम. असेल तर मंडळ आणि पदवी असेल तर विद्यापीठ. "आमचीच परीक्षा, आमचेच सर्टिफिकेट" असे उत्तर आले, तर चपला पायात घालाव्यात आणि निघावे.

तीन : मुली प्रत्यक्ष काम कोणत्या दवाखान्यात शिकतात? तो दवाखाना जाऊन बघा. तिथे खाटा किती, रुग्ण असतात का, ते पाहा. रिकाम्या दवाखान्यात नर्स तयार होत नाही.

चार : मागच्या तुकडीतल्या दोन मुलींशी बोला. त्यांची नोंदणी झाली का, एवढेच विचारा.

पाच : पावती मिळते का? पावतीशिवाय एक पैसाही देऊ नये. मूळ दाखले कोणाकडे ठेवायला देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी.

आणि लक्षात ठेवा, नर्सिंगमध्ये सहा महिन्यांचा किंवा एका वर्षाचा असा कोणताही अभ्यासक्रम नाही, जो बारावीच्या मुलीला नोंदणीकृत नर्स बनवतो. दोन वर्षांच्या आत काहीच नाही. हे एक वाक्य गावात सांगितले, तरी कितीतरी म्हशी दावणीला राहतील.

पैशाचे काय?

सरकारी संस्थेत फी कमी असते, म्हणून पहिला अर्ज तिथेच करावा. जिल्हा रुग्णालयांना जोडलेली नर्सिंगची शाळा पुष्कळ ठिकाणी आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास व भटक्या जमातींच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि फीची सवलत मिळते. तिचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आणखी एक निर्णय केला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या मुलींना, सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. संस्थाचालकांच्या कोट्यातून परभारे प्रवेश घेतला तर ही माफी नाही. आपला अभ्यासक्रम आणि आपले कॉलेज त्यात बसते का, हे प्रवेशाआधी कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे एप्रिलमध्येच तयार ठेवा. तहसीलच्या रांगेत जून निघून जातो आणि अर्जाची तारीखही.

लोक काय म्हणतील?

शेवटी अडते ते इथेच. "रात्रपाळी असते, परक्या माणसांची सेवा करायची, पोरीचं लग्न कसं जमणार?" वहिनींनीही हेच विचारले होते.

काम सोपे आहे असे आम्ही म्हणणार नाही. रात्रपाळी असते. रक्त, जखमा, मरण हे सारे जवळून बघावे लागते. खासगी दवाखान्यांत सुरुवातीचा पगार कित्येकदा कामाच्या मानाने अगदी तुटपुंजा असतो. हे पोरीला आधीच सांगावे. पण हलके काम मात्र हे नव्हे. १८९७ साली पुण्याच्या परिसरात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्यातच त्यांना मरण आले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंगचे शिक्षण मिळू लागले, तेव्हाही लोक नावे ठेवतच होते. त्या बायका थांबल्या नाहीत, म्हणून आज गावोगाव नर्सबाई आहे.

जगालाही आज हे हात हवे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जाहीर केले, की जगात सुमारे ५९ लाख नर्सेस कमी पडतात. परदेशी जाण्याची स्वप्ने दाखवणारे दलालही त्यामुळेच वाढले आहेत. जायचे तर जावे, पण आधी इथली नोंदणी, इथला अनुभव, त्या देशाची भाषा आणि सरकारी परवाना असलेली संस्था, एवढे पाहूनच जावे.

आमच्या पुतणीचे लग्न कसे जमले, ते सांगून थांबतो. मुलाकडची मंडळी बघायला आली. मुलाची आई सारखी पोरीकडे टक लावून बघत होती. वहिनी घाबरल्या. तेवढ्यात ती माउली म्हणाली, "अहो, करोनात माझे मालक दवाखान्यात होते. आम्हाला कोणाला आत सोडत नव्हते. रोज रात्री फोन लावून त्यांचा आवाज ऐकवायची ती पोरगी हीच. मी आवाज ओळखला."

पुतणी आता एका ग्रामीण रुग्णालयात आहे. पदवीला तिला ५५ टक्क्यांच्या वर गुण आहेत. परवा यात्रेला घरी आली होती. जाताना म्हणाली, "काका, पुढच्या साली एम.एस्सी.चा फॉर्म भरावा म्हणते."

दादा गोठ्यात धार काढत होता. तिथूनच म्हणाला, "भर की पोरी. या खेपेला म्हैस विकावी लागायची नाही."